वालीवचा कागद आचोळ्यात

मी उन्नतीच्या संगणकातला एक प्रोग्राम बोलतोय. आचोळ्याच्या घरात बसून तिला वालीवच्या कारखान्यातला संगणक चालवता येतो, तो माझ्यामुळे. तिथला पडदा मी इथे दाखवतो, इथे कळ दाबली की तिथे अक्षर उमटवतो. काम मोठं, पण जीव चिमणीएवढा. टेलिफोनची तार जरा खरखरली की मी दहादा जोडणी तपासून बघतो. चिंतातुर जंतू म्हणा हवं तर!

माझा जन्म कुठल्या मुलखातला, देव जाणे. या घरात आलो तो एका सीडीतून, आणि आलो तोच काळजीच्या दिवसांत. उन्नतीच्या सासूबाई, जयवंतीबाई, अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या होत्या. नवरा परेश दिवसभर मुंबईला. उन्नती कड्या-कोयंड्यांच्या कारखान्यात बिलं आणि खोक्यांवरची लेबलं करायची. मालक प्लासिडशेठना तिने एवढंच सांगितलं, "घरी जरा अडचण आहे, काम घरून करते." खरं सांगितलं तर 'मग नोकरीच सोड' म्हणतील, ही तिला धास्ती.

शेठ म्हणाले, "बघू. पन एकदा जरी काम अडलं ना बाय, तर आफिसात येऊन बसायचं."

झालं! त्या दिवसापासून ती धास्ती आम्हा दोघांची झाली. ती ऑफिसात गेली, तर सासूबाईंच्या तोंडात पाणी कोण घालणार?

जयवंतीबाईंची जीभ जड झालेली, एक हात तेवढा चालायचा. उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा. काही हवं असलं की वाटी वाजवायची. पण बाई भारी मानी. सून कामाला बसली की घसा कोरडा पडला तरी वाटी वाजत नसे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझी नवी आवृत्ती आली. काय तो थाट! तिथल्या संगणकावरचं गाणं आता इथे ऐकू येणार, इथली फाइल तिथे नुसती ओढून टाकता येणार, आणि घरचा प्रिंटरसुद्धा वालीवच्या संगणकाला आपलाच वाटणार. मी रीतसर चौकट उघडून विचारलं, "छपाई घरच्या प्रिंटरवर करू का?" माणसांची ही खोड मला आजवर उमगलेली नाही. विचारलेलं वाचायचं नाही, उत्तर मात्र 'हो'! उन्नतीने भराभर 'हो' दाबलं आणि कुकर उतरवायला पळाली. मला तेव्हाच धडकी भरली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. जुना कामगार काळूराम प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार घालतो, आणि मग दसरा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. प्रिंटरही त्यात आला. म्हणून पूजेआधीच लेबलं छापून टेम्पो रवाना करायचा, असं ठरलं होतं.

उन्नतीने छपाईचं बटण दाबलं. थोड्या वेळाने मोबाइल वाजला.

"बाय, कागद नाय आला. टेम्पो दारात उभा हाय."

"पाठवलाय शेठ. परत पाठवते."

परत पाठवला. परत फोन. तेवढ्यात काळूरामने तिथल्या संगणकात आरतीची सीडी घातली, आणि माझ्या नव्या गुणामुळे ती दणक्यात आचोळ्यात वाजू लागली. उन्नती तारा हलवतेय, घाम पुसतेय, गणपतीला साकडं घालतेय. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं बाई, आतल्या खोलीत बघ! पण मला तोंड कुठे? 'छपाई पूर्ण' एवढंच काय ते मला म्हणता येतं.

शेवटचा फोन आला. "काळूरामनं प्रिंटरला हार घातला. त्याच्या पूजेवर मी हात टाकनार नाय. सोमवारपासून तू आफिसात ये."

उन्नती तोंडावर हात ठेवून रडू लागली. आरती संपली, आणि आतल्या खोलीत वाटी वाजली. कामाच्या वेळी कधी न वाजलेली वाटी! ती धावत आत गेली.

प्रिंटर जयवंतीबाईंच्या उशाजवळच्या टेबलावर होता. बाहेर पडणारा एकेक कागद त्यांनी चालत्या हाताने झेलला होता. पंख्याने उडू नयेत म्हणून सगळे पोटावर रचून वर तळहात दाबून धरला होता.

"का...गद सं...पला," त्या म्हणाल्या. सुनेचं काम अडू नये, म्हणून वाटी वाजवली होती.

उन्नतीला हसू की रडू कळेना. तिने फोन लावला, आणि शेठ स्वतः स्कूटरवर आले. "साधा कागद हाय, चालंल. डिंकानं चिकटवू," म्हणत आत शिरले आणि खाटेपाशी थबकले.

"हीच अडचन होती?"

उन्नतीने मान खाली घातली.

"माझी आय पन अशीच होती गो," शेठ हळूच म्हणाले. त्यांनी जयवंतीबाईंच्या हातून कागद दोन्ही हातांनी घेतले. दारातून वळून बोलले, "सोमवारी येऊ नको. पन असं काय लपवत जाऊ नको."

आता लेबलं नीट वालीवलाच जातात. तरी रोज काम आटपलं की उन्नती एक कागद मुद्दाम घरच्या प्रिंटरवर सोडते. जयवंतीबाई हात उचलून तयारच असतात. झेलला की पोरीसारख्या हसतात. त्या हाताची बोटंही आता आधीपेक्षा घट्ट मिटतात.

माझा जीव मात्र अजून टांगणीलाच. पुढची आवृत्ती दारात आहे. ती विचारणार, "घरचा प्रिंटर काढून टाकू का?" आणि उन्नतीचं बोट आधीच 'हो' वर येऊन बसलेलं असणार. बाई गं, एवढं एकदा तरी वाच.