पापणीचा केस

काडीच्या टोकाला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने तिने माशाच्या पिल्लाच्या शेपटीला हळूच डिवचलं. पिल्लू एकदाच वाकलं आणि तिथेच आडवं पडून राहिलं.

"पळ की रे मेल्या," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ती म्हणाली.

केस तिच्या धाकट्या भावाचा होता. असल्या नाजूक कामाला सुईपेक्षा पापणी बरी, हे ऐकून त्यानेच तो उपटून दिला होता. "पाय नाही तर नाही, पापणी तरी कामाला लागू दे," असं म्हणून स्वतःच हसला होता.

निरोगी पिल्लाला नुसता केस लागायची खोटी, ते बशीच्या दुसऱ्या काठाला पोचलेलं असे. कण्याच्या दोन्ही अंगांना स्नायू. एक बाजू आखडली की दुसरी सैलावते आणि शेपूट फटकारते. सावकाश पोहायला कातडीखालची तांबूस पट्टी पुरते, जीव घेऊन पळायला आतला जाड पांढरा स्नायू लागतो. या पिल्लांना मात्र धाकट्याचाच आजार होता. जोर केला की स्नायूचे धागे टोकापासून सुटत. पोहायला जन्माला यायचं आणि पोहण्यानेच फाटायचं, याला काय म्हणावं! पिल्लांना दिलेलं नवं औषध ते धागे धरून ठेवील, या आशेवर त्यांचं घर तग धरून होतं.

तिने बशीतलं एकूण एक पिल्लू डिवचून पाहिलं. एकही पळालं नाही. प्रयोगशाळेचे सर मागे उभे होते.

"उद्यापासून हे औषध बंद करू या," ते म्हणाले. "माझ्याही जिवावर येतंय गं."

ती घरी आली तेव्हा धाकटा खिडकीशी खुर्चीत बसला होता, पायांवर चादर ओढून.

"काय ताई, पळाले का माझे भाऊबंद?"

खरं सांगायला वाटेत जुळवलेलं सगळं तिने बाजूला ठेवलं.

"एक पळालं," ती म्हणाली. "थेट काठापर्यंत."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" तो क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "इकडेही गंमत आहे. माझ्या अंगठ्याकडे बघ."

पायाशी चादर हलली. पुन्हा हलली.

खुर्चीच्या हाताआड चादरीची कड त्याच्या मुठीत होती, आणि मूठ ती हळूहळू ओढत होती.

"दिसलं?"

"दिसलं की," ती म्हणाली, आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, जिथून मूठ दिसत नव्हती.