भिंगरीचा उपास

“काल रात्रीपासून काही खाल्लंय का हिने?” भिंगरीला वजनकाट्यावर उभं करत सूरजने विचारलं.

खारेगावातल्या त्या प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखालचं सगळं सूरज बघायचा. भिंगरी कलावतीबाईंच्या घरची कुत्री. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी त्यांची सून रुचिता बोलून मोकळी झाली.

“काहीच नाही. सकाळी पाण्याचं भांडंपण उचललं. आई होत्या ना घरात! त्यांची अख्खी नोकरी ऑपरेशन थेटरात गेलीय.”

“काय सांगता! मग टेन्शनच नाय. आजी, तुम्ही तर आमच्याच लाइनीतल्या.”

कलावतीबाईंनी मान हलवली. ती मान नेमकं काय म्हणाली, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सूरजने आपल्या सोयीचा अर्थ घेतला, भिंगरीला शांत करायचं इंजेक्शन टोचलं आणि म्हणाला, “गुंगी आली की आत घेतो.”

शेजारच्या बाकावर एक गृहस्थ टोपलीत मांजर घेऊन बसले होते. मांजर केविलवाणं ओरडत होतं म्हणून त्यांनी बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ओतलं. कलावतीबाईंची जीभ सवयीने सुटली.

“अहो, पाणी नका पाजू! ऑपरेशन आहे ना तिचं? भुलीत उलटी झाली की सरळ छातीत उतरते. या डोळ्यांनी बघितलंय मी.”

गृहस्थांनी घाबरून झाकण परत लावलं. रुचिताने सासूकडे असं काही कौतुकाने पाहिलं की कलावतीबाईंना त्या बाकाखाली शिरावंसं वाटलं. कारण भिंगरीच्या पोटात त्या वेळी वाटीभर दही होतं. साखर घातलेलं.

कलावतीबाई म्हणजे एके काळच्या कलावती मावशी. इस्पितळात ऑपरेशन थेटरच्या आया. डॉक्टर बदलले, नर्सा बदलल्या, मावशी तिथेच. पेशंटला आत नेण्याआधी त्याच्या नातेवाइकांना खडसावून विचारायचं काम कोणी त्यांना दिलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून घेतलं होतं. उशीखाली दडवलेली बिस्किटं त्यांना वासावरून कळत. निवृत्त होऊन कळव्याच्या घरात बसल्या तरी तो रुबाब गेला नव्हता. भिंगरी ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, रुचिताने उचलून आणलेली. तिचं ऑपरेशन करून घ्यावं हा आग्रहही त्यांचाच. “पिशवी काढून टाका, जीव सुटेल तिचा,” असं त्यांनी सगळ्या मजल्यांवर समजावून सांगितलं होतं. टाके चाटू नयेत म्हणून विकीच्या, म्हणजे लेकाच्या, जुन्या टीशर्टचा तिच्यासाठी अंगरखा शिवला होता. जुन्या सुती साडीच्या घड्या करून ठेवल्या होत्या. तयारीत म्हणून कुठे काही कमी नव्हतं.

पण त्या घरात आणखी एक रीत होती. महत्त्वाच्या कामाला निघालेलं माणूस हातावर दही-साखर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. विकीची दहावी, रुचिताचा इंटरव्ह्यू, सगळं दह्यावर पार पडलेलं. खालच्या मजल्यावरची पोरंसुद्धा परीक्षेच्या दिवशी दारात येऊन हात पसरायची. ऑपरेशनला निघालेल्याला मात्र द्यायचं नाही, हे कलावतीबाईंना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर नवऱ्याच्या वेळी त्यांनी दिलं नव्हतं. हृदयाच्या ऑपरेशनला निघालेले मारुतीराव चपला घालता घालता म्हणाले होते, “आज मला नाय का गं?” त्या म्हणाल्या, “आल्यावर देते.” ते आलेच नाहीत. दह्याने माणूस वाचत नाही, एवढं त्यांना कळत होतं. तरी ते “नाय का गं” कानातून जात नव्हतं.

आज सकाळी रुचिता आंघोळीला गेली. रात्रीची उपाशी भिंगरी ओट्याशी येऊन बसली आणि शेपूट फरशीवर आपटत बघत राहिली. कलावतीबाईंनी बोटभर दही चाटवायचं ठरवलं, नुसतं शकुनापुरतं. बोटाचा चमचा झाला, चमच्याची वाटी झाली, आणि वाटी पुसून घ्यायला रात्रीच्या पोळीचा तुकडाही गेला. बाथरूमची कडी वाजली तशी त्यांनी वाटी घाईघाईने धुऊन पालथी घातली. भिंगरीच्या नाकाला दही लागलं होतं, ते पदराने पुसलं. चोरी करताना सापडू नये म्हणून आपण एका कुत्रीचं तोंड पुसतोय, हे लक्षात आलं आणि कान गरम झाले. ‘एवढ्याने काय होतंय,’ असं त्या मनाशी म्हणाल्या. इस्पितळात सगळे नातेवाईकही अगदी हेच म्हणायचे.

आता भिंगरीच्या पापण्या जड झाल्या. सूरजने तिला उचललं आणि आत नेलं. दार लागलं.

कलावतीबाईंचा जीव टांगणीला लागला. सांगायचं तर आत्ताच. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? सून बसलेली, मांजरवाले गृहस्थ बसलेले, आणि मघाशीच आपण एवढं शहाणपण पाजळलेलं. त्यातच त्यांना एक म्हातारी आठवली. मुरबाडकडची असावी. मुलीला ऑपरेशनला आत न्यायच्या वेळी ती म्हातारी आपणहून त्यांच्याकडे आली होती आणि हात जोडून म्हणाली होती, “मावशी, पोरीला मी लाडू चारलाय. भुकेनं रडत व्हती.” कलावतीबाईंनी तिला भर वॉर्डात फाडून खाल्लं होतं. अडाणी म्हणाल्या, पोरीला मारायला आणलीस का म्हणाल्या. पुढे कित्येक हळदीकुंकवांना त्यांनी तिची नक्कल करून दाखवली होती, हात जोडून, तोंड वाकडं करून. बायका हसून लोटपोट व्हायच्या.

नकलेत एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच सांगितली नव्हती, की ती म्हातारी स्वतःहून सांगायला आली होती. ती अडाणी होती आणि तिने सांगितलं. आपण शहाण्या, आणि गप्प बसलोय. कलावतीबाईंना आपली इतकी किळस आली की त्या उठल्याच. त्यांनी आतलं दार वाजवलं.

“आई, आत नाही जायचं,” रुचिता म्हणाली.

दार उघडून डॉक्टर सुमेधा बाहेर आल्या. मास्क हनुवटीवर होता.

“डॉक्टर, थांबा. तिने खाल्लंय.”

“काय खाल्लंय? कधी?”

“सकाळी. दही.” त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. “चमचाभर.”

डॉक्टर बघत राहिल्या. इतकी वर्षं कलावतीबाई लोकांकडे असंच बघत आल्या होत्या.

“वाटीभर,” त्या म्हणाल्या. “आणि पोळीचा तुकडा.”

“कोणी दिलं?”

“मीच.”

मांजरवाले गृहस्थ टोपलीत डोकं घालून बसले. रुचिता उभी राहिली होती. “आई? तुम्ही?” एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना.

“बरं झालं बोललात,” डॉक्टर म्हणाल्या. “भूल द्यायच्याच तयारीत होते मी. आज नाही करत. सूरज, हिला बाहेर आण. कुशीवर झोपव आणि लक्ष ठेव.”

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर कलावतीबाईंना बरं वाटलं असतं.

चादरीवर निजवलेली भिंगरी थोड्या वेळाने कण्हायला लागली. सूरजने तिची मान धरली. पोट ढवळून तिने सगळं बाहेर काढलं. पांढरं दही, त्यात पोळीचे तुकडे. ते फरशीवर पसरलं आणि बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. सूरज फडकं घेऊन आला.

“इकडे दे,” कलावतीबाई म्हणाल्या.

“राहू द्या आजी, मी पुसतो ना.”

“दे म्हटलं. माझंच आहे ते.”

त्या गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी फरशी पुसली. हे काम त्यांनी जन्मभर केलं होतं, दुसऱ्यांनी केलेल्या चुकांपायी. त्यांचा हात तेव्हाइतकाच सराईत चालला. मान मात्र वर झाली नाही.

परतताना रिक्षात गुंगीतली भिंगरी दोघींच्या मांडीवर आडवी पडली होती. रिक्षा कळव्याच्या नाक्यावर आली. मग रुचिता बाहेर बघत म्हणाली, “मला सांगायचं ना, आई. घरात नाही तर नाही, पण मी तिथे सगळ्यांसमोर तुमचं कौतुक करत होते, तेव्हा तरी.”

मारुतीरावांचं सांगावं असं क्षणभर कलावतीबाईंच्या ओठांवर आलं. पण मेलेल्या नवऱ्याच्या आडोशाला लपायची त्यांना आणखी लाज वाटली. त्या भिंगरीच्या कानावरून हात फिरवत राहिल्या.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातला दिवस दिला. आदल्या दिवशी रुचिता कपड्यांच्या घड्या घालत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “आई, आज रात्री तुळसामावशींकडे जाता का डोंबिवलीला? एकच रात्र. उद्या संध्याकाळी विकी येईल तुम्हाला घ्यायला.”

बोलताना तिचा चेहरा लाल झाला होता. कलावतीबाईंनी तिला पुढे काही बोलायलाच लावलं नाही. “जाते की,” म्हणाल्या आणि पिशवी भरायला लागल्या.

“अशी अचानक कशी आलीस गं?” तुळसाने विचारलं.

“घरात पेस्ट कंट्रोल आहे,” बहिणीच्या डोळ्यांत बघून कलावतीबाईंनी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाने चहाबरोबर खारी पुढे केली, ती त्यांनी तशीच बशीत ठेवली. घड्याळाकडे बघत बसल्या. दुपारी विकीचा फोन आला, “झालं आई, मस्त आहे ती,” तेव्हा त्या न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आल्या.

संध्याकाळी घरी पोचल्या तर भिंगरी कोपऱ्यात साडीच्या घड्यांवर बसली होती. अंगात अंगरखा, गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा कोन. त्यांना बघून ती झुलत उठली, कोन कपाटावर आपटला, दारावर आपटला, तरी येऊन तिने तो त्यांच्या गुडघ्याला टेकवला आणि आतून वर बघितलं. भूक लागल्यावर ती असंच बघायची. कलावतीबाई पिशवी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

“रुचिता, हिला भूक लागलीय गं.”

“हो, डॉक्टरांनी थोडी पेज द्यायला सांगितलीय,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “ओट्यावर निवत ठेवलीय. तुम्हीच द्या ना आई, माझे हात पिठाचे आहेत.”

कलावतीबाई आत गेल्या. पेजेत बोट घालून पाहिलं, कोमट होती. त्यांनी वाटीत दोन डाव घातले. भिंगरी मागोमाग आली होती आणि तिचा कोन त्यांच्या पोटरीला लागत होता. त्या खाली वाकल्या नाहीत. वाटी घेऊन पोळपाटाशी गेल्या आणि ती सुनेपुढे धरली.

“बघ गं, एवढी चालेल?”

रुचिताचा लाटणं धरलेला हात थांबला. तिने मान वर करून बघेपर्यंत कलावतीबाई दोन्ही हातांत वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या.