ओट्याचं रक्त

मांत्रिक उमसुनाय अम्माने मंतरलेलं पाणी तड्यात ओतलं आणि स्वयंपाकघरातला सिमेंटचा ओटा फसफसला. दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायका मागे सरकल्या. फेस तांबूस होत सिंकच्या कडेने ओघळू लागला.

"ऐकताय ना? जीव धापा टाकतोय," अम्मा म्हणाली. "ज्याने ओटा घातला, त्याचंच रक्त हे."

गुलसून पुढे सरकून फेसाकडे बघू लागली. ओटा एर्मेकने, तिच्या नवऱ्याने, रशियाला बांधकामावर जाण्याआधी घातला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन बंद झाला, आणि तडा दिसला तोही त्याच सुमारास. तेव्हाच अम्माने बजावलं होतं: चाळीस दिवस त्याची चौकशी करायची नाही, घरात फोन वाजू द्यायचा नाही; नाहीतर तडा आरपार जाईल आणि तो मरेल. सासूने, बुरूलकानने, दोघींचे फोन बंद करून पिठाच्या पिंपात ठेवले होते. अम्मा रोज येऊन तड्यात पाणी ओतायची आणि गुलसून रोज पहाटे बोटाने तडा मोजायची. तो वाढतच होता.

धुरीने खोकत शेजारच्या सालकीनबाई आत आल्या. वीस वर्षं कारखान्यात सिमेंटच्या लाद्या ओतून आता त्या गवंडीकाम शिकवत.

"खिडकी उघडा गं. एवढा धूर कशाला?"

"वाईट वास जायला," अम्मा म्हणाली.

"कुठला वास?" बाईंनी बाटली उचलून हुंगली, अंगणात गेल्या आणि उरलेलं पाणी पायरीवर ओतलं. पायरीही फसफसली.

"हिच्यात कोणाचा जीव अडकलाय, अम्मा?"

"श्रद्धा नाही तिथे विद्या चालत नाही."

"यातला सिरका, म्हणजे व्हिनेगर, मात्र सगळीकडे चालतो. सिमेंटवर पडला की फेस येतोच."

मग त्यांनी गुलसूनला ओट्यापाशी नेलं. "सिंकसाठी कापलेला कोपरा मुळात नाजूक. त्यावर तू चुलीवरची तापलेली कढई टेकवतेस. एर्मेकने सिमेंटमधली लोखंडी जाळीही फार वर घातली. पाणी मुरलं, लोखंड गंजलं. हे रक्त म्हणजे तो गंज. आणि रोजच्या सिरक्याने तडा या अम्मानेच रुंदावलाय. खरवडून भरला तर ओटा अजून वीस वर्षं टिकेल."

"मग तो जिवंत आहे?" गुलसूनने विचारलं.

"मला माहीत नाही, पोरी. ओट्यालाही माहीत नाही. जे त्याच्यासोबत आहेत, त्यांना विचार."

गुलसूनने पिंपात हात घातला. "कर फोन," बुरूलकान पुटपुटली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

एर्मेकच्या कामावरच्या जोडीदाराने फोन लगेच उचलला. "वहिनी, किती फोन केले तुम्हाला. बांधकामाची परांची कोसळली, त्याचा पाय चेंगरला, फोन फुटला. दवाखान्यात आहे. रोज विचारतो, घरून काही आलं का? काय सांगू त्याला?"

फोन कानाशी तसाच धरून गुलसूनने मागे वळून पाहिलं, तर अम्मा निघून गेली होती.

एर्मेक वाचला, पण गुडघ्याखालचा पाय गेला. पुढे तो कुबडी घेऊन घरी आला, तरी कितीतरी दिवस बायकोशी धड बोलत नव्हता. तीन आठवडे तो एकच समजून चालला होता, की घरच्यांनी आपल्याला टाकलं.

तडा का गेला, हे गवंड्याला विचारावं. माणूस कुठे आहे, हे माणसांना विचारावं. आणि जो विचारूच नको म्हणतो, त्याला सगळ्यात आधी विचारावं, की का?