मरळ वर आली

गोरेगावच्या पलीकडल्या बौद्धवाड्यातली माणसं विहिरीत उतरायच्या आधी मरळ वर यायची वाट बघत. मरळ ही मासळी, राहते पाण्यात, पण श्वास आपल्यासारखा वरचा घेते. थोड्या थोड्या वेळानं तोंड बाहेर काढते, पुळुक करून हवा गिळते अन् बुडी मारते. म्हणून जुन्या विहिरींत एखादी मरळ सोडलेली असायची. ती वर आली की खाली हवा आहे असं धरायचं आणि माणूस सोडायचा. कोणत्या वाड्यातला माणूस, हे कुणी विचारत नसे. विहीर दुसऱ्यांची, गाळ मात्र यांनीच काढायचा.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात नरसिंगरावाच्या विहिरीत जळबा उतरणार होता. सकाळी खाजा मियाचं डिझेल इंजन आतल्या टप्प्यावर ठेवून पाणी उपसलं होतं. आता धूर दिसेनासा झाला होता. तळाशी गुडघाभर पाणी उरलं होतं. जळबाची बायको कमलबाई टोपलं ओढायला काठावर होती. आधी कंदील सोडून बघू, विझतो का, म्हणाली, तर नरसिंगराव हसला. त्यानं हातातली बॅटरी आत फिरवली. बॅटरी कोणत्या हवेनं विझणार?

खाली पुळुक झालं.

"आली बघ वर," जळबा म्हणाला. "सोड आता."

कमलबाईनं तरी दोर त्याच्या कमरेला बांधला. मी काय बैल हाय का, म्हणत तो उतरला.

पहिलं टोपलं वर आलं. तिनं ते रिकामं करून आत सोडलं आणि सहज खाली पाहिलं. मरळ पुन्हा वर आली होती, आणि बुडी मारत नव्हती. शेपटीवर उभी राहिल्यासारखी, तोंड वासून ती हवा गिळत होती. पुळुक, पुळुक, पुळुक. बाजूला बारकी मासळी निवांत फिरत होती. तिचा श्वास पाण्यातच होता, वरच्या हवेशी तिला देणंघेणं नव्हतं. मरळ कडेच्या दगडावर सरपटत चढली, घसरून पडली, पुन्हा चढली.

कमलबाई काठावर ओणवी झाली. मरळ हवा आहे म्हणून वर येत नव्हती. ती हवा शोधत होती.

"अवो, वर या!"

जळबानं मान वर केली. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आवाज आला नाही. मग आंघोळीला बसावं तसा तो हळूच पाण्यात बसला.

तिनं आणि इंजनाजवळून धावत आलेल्या खाजा मियानं दोर ओढला. जळबा काठावर आला तेव्हा ओठ हलत होते, छाती हलत नव्हती. खाजा मियानं त्याची पाठ चोळली, छाती दाबली. बऱ्याच वेळानं एक उचकी आली आणि भाता चालू झाला.

नरसिंगरावानं वाकून पाहिलं. टोपलं खालीच राहिलं, म्हणाला. दुसरं कुणी उतरा. मरळ येऊन राहिली ना वर, हवा हाय बराबर.

कमलबाईनं ओला दोर त्याच्या पायाशी टाकला.

"तुमी उतरा मालक. तुमालेच बोलावून राहिली ती."

दोराला कुणी हात लावला नाही. खालून पुळुक येत होतं, मग विरळ झालं, मग थांबलं. सगळे विहिरीकडं कान लावून उभे राहिले.

तेवढ्यात पुन्हा झालं. पुळुक.

पण ते विहिरीतून आलं नव्हतं. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. जळबा आभाळाकडं तोंड वासून हवा गिळत पडला होता.