‘सराव’चा पत्ता

“सोमवारची घटना संघमित्रा यांच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे घडली असून अन्य कोणाचाही तिच्याशी संबंध नाही.” अंधेरीतल्या त्या कंपनीचा चौकशी अहवाल या वाक्याने सुरू होई आणि याच वाक्याने संपे, मधली चार पाने शोभेची होती.

संघमित्राने ती शोभाही वाचली. उपनगरांतल्या रक्ततपासणी केंद्रांचे रिपोर्ट ज्या सर्व्हरवर साठत, ते सहा वर्षे ती सांभाळत होती. त्यांचे लांबलचक पत्ते कोणाला पाठ करावे लागू नयेत म्हणून तिने एक छोटे टूल लिहिले होते: काळ्या पडद्यावर नुसते नाव टाइप करायचे, की दूरच्या सर्व्हरशी जोडणी होई. ‘सराव’ हे चाचणीच्या सर्व्हरचे नाव. दर सोमवारी ती तो रिकामा करी. याही सोमवारी केला. रिकामा झाला तो खरा सर्व्हर. जुने रिपोर्ट परत मिळाले. शनिवार-रविवारचे गेले ते गेलेच. घाटकोपर-जोगेश्वरीतल्या शेकडो माणसांना सुईपुढे पुन्हा हात करावा लागला.

“सही कर ना,” तिचा वरिष्ठ सुबोध बैठकीत म्हणाला. “साधा माफीनामा आहे. नोकरी तरी राहील.”

“टूलमधली पत्त्यांची यादी कोणी बघितली?”

“त्यात काय बघायचंय? टूल तुझं, बोटं तुझी.”

“टूल माझं आहे, म्हणूनच विचारतेय.”

समितीत तीन सन्माननीय सदस्य होते. यादी उघडण्याइतकी सवड तिघांपैकी एकालाही झाली नव्हती. संघमित्राने लॅपटॉप सुबोधकडे फिरवला. यादीत कोणी काही बदलले, की नाव आणि वेळ आपोआप नोंदली जाई. हा उपद्व्याप तिनेच करून ठेवला होता. शनिवार, दुपारी सव्वाचार: ‘सराव’पुढे खऱ्या सर्व्हरचा पत्ता. बदल करणारा, सुबोध.

“डेमोचा लॅपटॉप ‘सराव’लाच जोडला जातो,” ती म्हणाली. “क्लायंटवर छाप पाडायला खऱ्या पेशंटचे रिपोर्ट हवे होते तुला. दाखवलेस. मग पत्ता पूर्ववत कोणी करायचा, रे?”

सुबोधने मनुष्यबळ विभागाच्या माधुरीकडे पाहिले. बैठकीचे इतिवृत्त लिहिणारे तिचे पेन थांबले होते.

“लिही गं,” संघमित्रा म्हणाली. “तो बोलेल तसंच लिही. सुधारू नकोस.”

माधुरीने सुधारले नाही. इतिवृत्तातली शेवटची नोंद अशी आहे:

“मीच बदललं. परत करायचं राहिलं. सोमवारीच कळलं होतं मला. पण कोणाचं तरी नाव टाकावंच लागणार होतं ना. हिच्यासाठी भांडायला कोण येणार होतं?”