सहा नंबरची लाईन

प्रितमवर माझा आधीपासून संशय होता असं नाही. मुलुंडचा पोरगा, हुशार, तोंडाने गोड. पण सोमवारी सकाळी अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटर उघडला आणि माझं डोकंच सणकलं. सहा नंबरच्या लाईनचं चित्र कोणीतरी फिरवलं होतं. पूर्व होती तिथे पश्चिम. रविवारी दुपारी, प्रितमच्या लॉगिनवरून.

लाईन म्हणजे काय ते सांगते. राजस्थानात अरवलीचे डोंगर ओलांडत सरळ रेषेत खुंट्या मारत जायचं, जमिनीत स्फोट करायचे आणि चाळीस किलोमीटर खालून परत येणारा हादरा टिपायचा. मग कळतं, कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन भूखंड आदळले तेव्हा कोण कोणाच्या खाली गेलं. आजवर सगळे म्हणत आले, तिथले थर पश्चिमेकडे उतरतात. माझ्या चित्रात ते पूर्वेकडे उतरत होते. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पेपरात शेवटचं नाव लावून घेतलंय मी. आता पहिलं नाव माझं येणार होतं, ते ह्या एका चित्रावर.

आणि नेमकं तेच ह्याने फिरवलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"काय रे, रविवारी कोणाच्या फायलीत हात घातलास?" मी सगळ्यांसमोरच विचारलं.

"मॅडम, दोन मिनिटं बाहेर बोलूया ना."

"बाहेर कशाला? इथेच बोल."

त्याने आजूबाजूला बघितलं आणि तोंड स्क्रीनकडे वळवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी तडक देवदत्त सरांच्या केबिनमध्ये गेले. आमचे साहेब ते. जेवायच्या सुट्टीपर्यंत प्रितमचं लॉगिन बंद, प्रोजेक्टमधून नाव कट.

सरांना तक्रार लेखी हवी होती. म्हणून खुंट्या मारणाऱ्या टीमच्या कुंडलिकभाऊंना राजस्थानात फोन लावला. म्हटलं, सहाची एक नंबरची खुंटी, जिथून चित्र सुरू होतं ती, पश्चिमेला होती एवढं फक्त सांगा.

"नाही मॅडम, पूर्वेला. पश्चिमेकडच्या शेतात मोहरी उभी होती, म्हणून त्या लाईनला दुसऱ्या टोकाकडनं सुरुवात केली. वहीत लिहिलंय की मी. लाईन सहा, उलटी."

वाचलं होतं मी ते. मला वाटलं, कॅम्पात कोणाला तरी उलटी झाली. हसलेही होते.

"प्रितमनी परवा हेच विचारलं," ते म्हणाले. "म्हणाला, मॅडमला चारचौघांत नको, एकटीला गाठून सांगतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काचेपलीकडे प्रितम आपला ड्रॉवर रिकामा करत होता.

तेवढ्यात देवदत्त सर बाहेर आले. "जान्हवी, वेळेत पकडलंस, बरं झालं. तुझं जुनंच चित्र लावून पेपर आत्ता पाठवतो. पहिलं नाव तुझं."

एका वाक्याचं काम होतं.

"थँक यू सर," मी म्हणाले.