लेलंडचा दगड

दुकानातल्या बाईने बजावलं होतं, "आर्विड, हा फुलपाखरू मासा घरी जगवणं सोपं नाही. उपाशी राहून मरतात हे." पण मी कुणाचं ऐकतो? पांढऱ्या अंगावर तांब्याच्या रंगाचे पट्टे, चिमट्यासारखं लांब तोंड. पिशवीतून तो माझ्याकडे बघत होता. घेऊन आलो.

आठ दिवस त्याने घास घेतला नाही. गोठवलेली कोळंबी बारीक करून दिली, तिसऱ्यांचे शिंपले उघडून ठेवले. तो जवळ यायचा, वाकून बघायचा आणि मागे फिरायचा. पोट आत गेलं होतं. माझी बायको मार्लिस म्हणाली, "टाकीसमोर तोंड पाडून काय होणार? लेलंडला फोन कर."

"त्याला? त्यापेक्षा मासा गेलेला परवडला."

"तुला परवडेल. माशाचं काय?"

लेलंड कोस्की आमच्या डुलुथ शहरातल्या, घरी मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातला. त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तपकिरी समुद्रफुलांचं, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या बारीक जीवांचं, तण माजलं होतं. एक उपटलं की दहा उगवतात, पोवळ्यांना डंख मारतात. मागच्या ऑक्टोबरात त्याच्या घरी मंडळ जमलं तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "लेलंड, ही टाकी आहे की उकिरडा?" सगळे हसले. तो हसला नाही. त्यानंतर तो मंडळात फिरकला नाही.

मार्लिसनेच नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"लेलंड, मी आर्विड. फुलपाखरू मासा आणलाय. खात नाही."

"किती दिवस?"

"आठ."

"आठ दिवस झोपला होतास का, गाढवा?" त्याने फोन ठेवून दिला.

झालं, संपलं, असं मला वाटलं. पण तासाभराने दारात त्याची गाडी. फेब्रुवारीतली थंडी, श्वाससुद्धा गोठेल अशी. शेजारच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेली बादली, तिला पट्टा बांधलेला.

"बादलीला पट्टा?"

"तिथे तू असतास तर तुला बांधला नसता."

बादलीत त्याच्या टाकीतला दगड होता, त्या समुद्रफुलांनी गच्च भरलेला. "सगळे यांना औषध घालून मारतात. तुझ्या नवाबाला मात्र हेच लागतं."

"आणि माझ्या टाकीत पसरलं तर?"

"मग तुझाही उकिरडा."

माझे कान तापले. दगड कोपऱ्यात ठेवला आणि आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो. मासा दहा मिनिटं लांबच. मग तिरका झाला, एका डोळ्याने दगड न्याहाळला, तोंड पुढे घातलं आणि एक फूल ओढून गिळलं. मग दुसरं. मार्लिसने माझं मनगट आवळून धरलं. पाचव्या फुलापर्यंत मला समोरचं धूसर दिसायला लागलं होतं.

"लेलंड, त्या दिवशी मी जे बोललो..."

"आता गप्प बस. तो जेवतोय."

मार्लिसने रानतांदळाचं सूप गरम केलं. लेलंडने दोन वाडगे संपवले.

मग दर शनिवारी तो एक दगड आणायचा आणि रिकामा झालेला परत न्यायचा. मी त्या दगडांच्या भोकांत तिसऱ्यांचं मांस दडवू लागलो. फुलं टिपता टिपता मासा तेही टिपू लागला. एप्रिलमध्ये त्याने सरळ शिंपल्यातून खाल्लं. पोट भरून आलं.

ही बातमी सांगायला आणि आभार मानायला मी लेलंडच्या घरी गेलो. त्याची मोठी टाकी लख्ख होती, एकही समुद्रफूल नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर मात्र दिव्याखाली एक छोटी टाकी, तिच्यात तीन दगड, तणाने भरलेले.

"हे काय?"

लेलंड खाली बघत म्हणाला, "मोठी टाकी डिसेंबरातच साफ केली. एक दगड तेवढा राहिला होता. तो तुला आणून देण्याआधी त्यावरची थोडी फुलं इथे काढून ठेवली, ती वाढवत गेलो. रोज थोडी कोळंबी घालावी लागते त्यांना. तुझा मासा शिंपल्यावर येईपर्यंत काय खाणार होता?"

ज्या तणावरून मी त्याला हसलो होतो, ते हा माणूस माझ्या माशासाठी पोसत बसला होता. मी कोट काढून खुर्चीवर टाकला.

"लेलंड, कॉफी टाक," मी म्हणालो. "आज मला घाई नाही."